उत्तर: "पाच तास टाइमपास आणि बासही घालवला" या रिव्ह्यूला

नमस्कार सर, तुमचा अख्खा रविवार गेला, जेवणाची वेळ टळली, त्याबद्दल मनापासून सॉरी. पण "पाच तास टाइमपास करून साडेसहा हजार घेतले आणि होता तो बासही घालवला" हे वाचून रात्री झोप लागली नाही, म्हणून लिहितोय. घरी येऊन माइकने खोलीतला आवाज मोजायचा आणि त्याप्रमाणे स्पीकर सेट करून द्यायचे, हे काम आम्ही दोघं भाऊच करतो, नवीन माणूस आधी रिव्ह्यू बघूनच फोन करतो.

सर, एक स्वीप (स्पीकरमधून खालच्या सुरापासून वरपर्यंत सरकत जाणारा आवाज, तो माइकने मोजतो) साडेपाच सेकंदांचा असतो. सोफ्याभोवती नऊ जागा, दोन्ही स्पीकर वेगवेगळे, म्हणजे अठरा स्वीप, घर शांत असेल तर अर्ध्या तासात उरकतं. तुमच्याकडे पाहुणे होते, पंखा बंद ठेवा म्हटलं की दोन मिनिटांत कुणीतरी परत लावायचं (उकडत होतं, मान्य), सातव्या जागेला कुकरच्या शिट्ट्या झाल्या, त्या ग्राफवर तुम्हाला दाखवल्या पण होत्या, आणि मग छोट्याचा धक्का लागून माइकचा स्टँड पडला, म्हणजे परत पहिल्यापासून. मी एकदाही आवाज चढवला नाही. वहिनींनी चहा दिला, तो घेऊन पुन्हा बसलो. त्यातले तीन तास माझ्या नावावर का?

बासचं म्हणाल तर 14 फूट लांब खोलीत 40 हर्ट्झच्या आसपास आवाज घुमतोच, आणि तुमचा सोफा मागच्या भिंतीला टेकलेला, तिथे तर सगळ्यात जास्त. मोजलं तेव्हा बाकीच्या आवाजापेक्षा 11 डीबी (डेसिबल) वर होता. इतके दिवस ऐकत होतात तो दणका खोलीचा होता. तो खाली आणला की सुरुवातीला बऱ्याच जणांना पोकळ वाटतं, पण तबला लावून बघा, डग्ग्याचा घिस्सा आता वेगळा कळेल. 70 हर्ट्झला आवाज एकदम कमी पडतो, तो खड्डा बूस्ट करून (तिथला आवाज चढवून) भरा म्हणालात, मी नाही म्हटलं, कारण 10 डीबी चढवायचे म्हणजे अ‍ॅम्पवर दहापट लोड आणि खड्डा तरी तसाच, तिथे भिंतीवरून आलेली लाट मूळ लाटेला खाते. नुसते पैसेच काढायचे असते तर हो म्हणून मोकळा झालो असतो.

यापुढे किती वेळ लागेल, घरात काय बंद ठेवायचं ते आधी व्हॉट्सअ‍ॅपवर कळवत जाऊ. हवं तर मधल्या वारी एकदा येऊन जातो, चार्ज नाही. आणि जुना आवाज प्रीसेट 2 मध्ये (सेव्ह केलेली दुसरी सेटिंग) तसाच ठेवलाय, रिमोटवर एकच बटण आहे, निघताना दारात सांगितलं होतं सर.