टॅपेट नाही हो, मॅनिफोल्डचं पॅकिंग गेलंय!

गाडीच्या टिकटिकीसाठी तीन गॅरेजं झाली आणि तिन्हीकडे एकच उत्तर मिळालं, "टॅपेट वाजतायत साहेब, गाडी जुनी झाली." टॅपेट म्हणजे इंजिनच्या झडपा उघडणारे भाग. अरे, लांबून ऐकून सांगताय? जरा वाकून बघायला काय होतं?

माझी मारुती आठशे आहे, २००८ ची. तीन सिलिंडरचं ७९६ सीसीचं इंजिन. सकाळी थंड गाडी चालू केली की टिकटिक टिकटिक. साताऱ्यातून निघून हायवेला लागेपर्यंत आवाज निम्मा, दहा मिनिटांत जवळजवळ गायब. चढाला ॲक्सिलरेटर दाबला की पुन्हा सुरू. हे सगळं मी प्रत्येकाला तोंडपाठ सांगितलं. ही लक्षणं एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या पॅकिंगचीच आहेत! मॅनिफोल्ड म्हणजे सिलिंडरांतला धूर गोळा करून सायलेन्सरकडे नेणारा भाग. ते बिडाचं, इंजिनचा वरचा भाग म्हणजे हेड ॲल्युमिनियमचं, आणि तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. रोज तापायचं, रोज निवायचं. दोघांच्या मधलं पॅकिंग, म्हणजे धूर अडवणारी पातळ चकती, घासून घासून, जळून कुठेतरी फाटतं. गाडी थंड असताना तिथून धूर फटक्याफटक्याने बाहेर पडतो, तीच टिकटिक. धातू तापला की फट मिटते आणि आवाज बसतो. यात टॅपेट कुठून आलं?

तरी पहिल्याने टॅपेट सेटिंग केलं, पैसे घेतले. दुसऱ्याने प्लग बदलले, पैसे घेतले, वर "आता बघा कशी पळते" हेही ऐकवलं. खंबाटकी घाटात तीच रड. ॲव्हरेज १८ वरून १४ वर आलं. येणारच! त्या फटीतून धूर बाहेर जातो तशी धुराच्या दोन धक्क्यांच्या मध्ये बाहेरची हवा आतही ओढली जाते. पुढे धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर बसलाय. ती जादा हवा बघून त्याला वाटतं पेट्रोल कमी पडतंय, आणि ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, आणखी पेट्रोल सोडतो. पंपावर पैसे मी भरायचे आणि यांनी प्लग बदलत बसायचं.

ॲव्हरेजचंही सोडा. सिग्नलला उभं राहिलं की ब्लोअरमधून धुराचा वास यायचा. बायको म्हणायची डोकं दुखतंय, आणि मी उन्हाला दोष द्यायचो. त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला स्वतःला ना रंग ना वास. नाकाला कळतो तो बाकीचा धूर. काचा बंद करून लेकरं मागे झोपलेली असतात आणि गॅरेजवाला म्हणतो, "चालतंय की, एवढं काय!" नाही चालत! माणसं मरतात त्याने!

शेवटी मीच मॅनिफोल्डवरचा पत्रा काढला आणि टॉर्च मारली. मधल्या सिलिंडरच्या तोंडाशी, मॅनिफोल्ड हेडला टेकतं तिथे, पिसासारखी काळी काजळी पसरलेली. बोट लावलं तर कोरडी, मऊ. पाच मिनिटांचं काम होतं हो!

ती काजळी दाखवली तेव्हा कुठे तिसऱ्याने मॅनिफोल्ड खोलायला घेतलं. कसं? गाडी गरम, नट गंजलेले, गंज सोडवायचा स्प्रे नाही, पान्याला लांब पाइप लावून सरळ जोर. कट्ट! स्टड, म्हणजे नट बसतो तो आट्यांचा दांडा, हेडमध्येच तुटला. "होतं साहेब असं." होत नाही, तुम्ही करता! आदल्या रात्री स्प्रे मारून ठेवायचा, इंजिन पार थंड होऊ द्यायचं, नट बाहेरच्या टोकांकडून आत थोडे थोडे सैल करत यायचे, अडला तर मागेपुढे करायचा. तो तुकडा ड्रिलने काढून नवे आटे पाडण्यात माझे दोन दिवस आणि दीड हजार रुपये गेले.

आणि एवढं करून बसवलं काय, तर जुनंच पॅकिंग! वर लाल सिलिकॉनची ट्यूब फासून. नवीन पॅकिंग २०० रुपयांच्या आत मिळतं. एकदा दाबून बसलेलं पॅकिंग दुसऱ्यांदा तसा दाब धरत नाही. सिलिकॉन ऑइल चेंबरला ठीक आहे, पण एक्झॉस्टचं तोंड लोडवर ५०० अंशांच्या वर जातं, तिथे त्याचा काय पाड लागणार? वर त्याची वाफ ऑक्सिजन सेन्सरला मारते ती वेगळीच. पंधरा दिवसांत ते शेवयांसारखं वाळून सुटलं आणि टिकटिक परत. टॉर्क रेंचचं, म्हणजे मोजून जोर लावायच्या पान्याचं, विचारलं तर म्हणे, "आपल्या हाताला अंदाज आहे." कसला अंदाज! एक टोक करकचून आवळलं आणि दुसरं ढिलं ठेवलं की मॅनिफोल्ड तिरकंच बसणार.

मग एका रविवारी मीच सगळं उतरवलं. मॅनिफोल्ड लेथवाल्याकडे नेलं. त्याने फेसवर, म्हणजे हेडला टेकणाऱ्या बाजूवर, सरळ पट्टी ठेवली आणि पट्टीखालून उजेड आला. वाकलेलं होतं! त्यावर सोन्याचं पॅकिंग लावलं असतं तरी टिकलं नसतं. फेस मशीनवर सपाट मारून घेतला, हेडची बाजू ओरखडा न पाडता साफ केली, नवीन पॅकिंग, नवीन नट, मधून बाहेर, आलटून पालटून, तीन फेऱ्यांत मॅन्युअलमधल्या आकड्यापर्यंत आवळले. सोमवारी सकाळी चावी फिरवली. टिकटिक बंद. आणि मला आनंदाऐवजी संतापच आला. सहा महिने, नऊ हजार रुपये, बायकोची डोकेदुखी, आणि तिघांतल्या एकाच्याही मनात एक पट्टी ठेवून बघायचं आलं नाही.

ते फाटकं पॅकिंग मी डिकीत ठेवलंय. पुढच्या वेळी बॉनेट न उघडता कुणी टॅपेट म्हणाला की ते त्याच्या हातात देणार आहे.