परीक्षेला न बसता नापास

गेल्या महिन्यात आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अप्पाकाकांनी एक मजकूर टाकला. मथळा होता, ‘कटू सत्य: १४० कोटींच्या भारतात एकही मिशेलिन स्टार हॉटेल का नाही?’ (मिशेलिन ही फ्रान्सची टायर कंपनी, आणि तिचं गाइड उत्तम रेस्टॉरंटांना एक ते तीन स्टार देतं.) खाली चार-पाच वाक्यं. मिशेलिनचे लोक गुपचूप भारतात येऊन गेले, आपली हॉटेलं त्यांच्या कसोटीला उतरली नाहीत. तेल-मसाल्यात पदार्थाची मूळ चव मरते, म्हणून भारतीय जेवणाला स्टार मिळतच नाही. स्टारला पांढरे टेबलक्लॉथ, काटे-चमचे आणि वाइन लागते, आपण पडलो हाताने खाणारे. शेवटी नेहमीचा उसासा: एक स्टार मिळाला की हॉटेलची सात पिढ्यांची सोय होते, पर्यटक लोटतात, पण आपलं सरकार झोपलंय.

दोन दिवसांत हेच सोसायटीच्या ग्रुपवर आलं, मग शाळेच्या मैत्रिणींच्या. त्यावर एका मामेभावाचं फणकाऱ्याचं उत्तरही फिरू लागलं, ‘टायर विकणाऱ्यांनी आम्हाला चव शिकवू नये. पैसे फेकले की स्टार मिळतो.’ काकांना तिथल्या तिथे दोन ओळी लिहायला बसले आणि ते लांबतच गेलं, म्हणून इथे लिहिते.

‘आपली हॉटेलं कसोटीला उतरली नाहीत.’

भारतात एकही स्टार नाही, एवढं खरं. पण कसोटी झाली कधी? मिशेलिन गाइड सगळ्या जगाला सरसकट गुण देत नाही. ते एखादं शहर किंवा प्रदेश निवडतं, तिथे निरीक्षक पाठवतं आणि त्या हद्दीपुरती यादी काढतं. मुंबई, दिल्ली, बंगळूर, गोवा, यातल्या कशाचीही रेस्टॉरंट यादी त्यांनी आजवर काढलेली नाही. एखादा निरीक्षक सुट्टीत येऊन इथे मसाला डोसा खाऊन गेलाही असेल, पण मार्क द्यायला त्याच्याकडे वहीच नव्हती.

हे गाइड कित्येक दशकं युरोपातच होतं. न्यूयॉर्कची पहिली यादी २००५ साली आली. आशियातली पहिली तोक्योची, नोव्हेंबर २००७ मध्ये. त्या दिवसापर्यंत तोक्योच्या खात्यावर शून्य स्टार होते. यादी आली आणि एका दिवसात १५० रेस्टॉरंटांना मिळून १९१ स्टार मिळाले, म्हणजे पॅरिसहूनही जास्त. तोक्योचे सुशीवाले काही आदल्या रात्री स्वयंपाक शिकले नव्हते. मेक्सिकोचंही तसंच. तिथली पहिली यादी मे २०२४ मध्ये आली, त्याआधी अख्ख्या मेक्सिकोत एकही स्टार नव्हता. तेव्हा स्पॅनिशमध्येही असलाच मजकूर फिरत असेल का, कोण जाणे.

मुंबईकरांसाठी याहून जवळचं उदाहरण आहे. काळा घोड्याजवळ ‘तृष्णा’ आहे, लोण्या-लसणात मिरी घातलेल्या खेकड्यासाठी प्रसिद्ध. तिच्यावरूनच २००८ मध्ये लंडनच्या मेरिलबोन भागात त्याच नावाचं रेस्टॉरंट निघालं. लंडनच्या ‘तृष्णा’ला २०१२ मध्ये मिशेलिन स्टार मिळाला. मुंबईच्या ‘तृष्णा’ला नाही, मिळण्याची सोयच नाही. धाकट्या बहिणीचा निकाल लागला आणि थोरलीच्या गावात परीक्षेचं केंद्रच नाही. यावरून थोरली ढ आहे असं म्हणणार का?

‘भारतीय जेवणाला स्टार मिळतच नाही.’

हे तर साफ खोटं आहे, आणि खोटं ठरून पाव शतक झालं. २००१ सालीच लंडनमध्ये ‘झायका’ आणि ‘टॅमरिंड’ या दोन भारतीय रेस्टॉरंटांना स्टार मिळाले. तेव्हाचे ‘झायका’चे शेफ विनीत भाटिया मुंबईचे, ‘टॅमरिंड’चे अतुल कोछर जमशेदपूरचे. मुंबईत वाढलेल्या, आधी पत्रकारिता केलेल्या गरिमा अरोरा यांच्या बँकॉकमधल्या ‘गा’ला २०१८ मध्ये पहिला स्टार मिळाला आणि २०२३ मध्ये दुसरा. लंडनचं ‘जिमखाना’ २०२४ मध्ये दोन स्टारवर गेलं. दुबईचं ‘त्रेसिंद स्टुडिओ’ तर मे २०२५ मध्ये तीन स्टारवर पोचलं. शेफ हिमांशू सैनी. तीन स्टार मिळालेलं जगातलं पहिलं भारतीय रेस्टॉरंट.

आता तेल-मसाल्याचं बघू. न्यूयॉर्कचं ‘सेम्मा’ मला या सगळ्यात जास्त आवडतं, न जाताच. तमिळनाडूतल्या खेड्यात लहानपण गेलेले विजय कुमार तिथले शेफ. तिथे शेतातल्या गोगलगायी मिळतात, ‘नत्तै पिरट्टल’. चिंच, आलं आणि मसाल्यात परतलेल्या. भातशेतीच्या बांधावरून गोळा करून गरिबाघरी शिजायचा, तो हा पदार्थ. फ्रेंच लोक गोगलगायीवर लोणी-लसूण घालतात तेव्हा ती नजाकत, आणि आपण चिंच घातली की मूळ चव मेली? २०२२ मध्ये ‘सेम्मा’ला स्टार मिळाला तो मसाला कमी करून नाही.

एक खोच मात्र मान्य करते. ही सगळी नावं परदेशातली आहेत, आणि त्यातली बरीच पंजाब-अवध किंवा दक्षिणेकडे झुकणारी. आळूचं फदफदं, मटणाचा तांबडा रस्सा किंवा फणसाची भाजी तिथल्या मेनूवर शोधत बसाल तर निराश व्हाल. पण ही तक्रार मिशेलिनकडे करायची नाही. परदेशात मराठी जेवणाची चांगली रेस्टॉरंटं आपण किती काढली, ते आपलं आपल्याला विचारायचं.

‘पांढरे टेबलक्लॉथ, काटे-चमचे, वाइन.’

स्टार देताना मिशेलिन पाच गोष्टी पाहतं: कच्च्या मालाचा दर्जा, चवींचा मेळ, हातातलं कसब, पदार्थात दिसणारी शेफची स्वतःची ओळख, आणि दर वेळी तेच सातत्य. पाचांत टेबलक्लॉथ नाही. बसायच्या जागेचा थाटमाट किती, ते दाखवायला त्यांनी काट्या-चमच्याचं वेगळं चिन्ह वापरलं, त्याचा स्टारशी संबंध नाही.

हे मी डोळ्यांनी पाहिलंय. काही वर्षांपूर्वी ऑफिसच्या कामाने सिंगापूरला गेले होते. एका दुपारी चायनाटाउन कॉम्प्लेक्सच्या दुसऱ्या मजल्यावर चढले. खाली मासळीबाजार, वर टपऱ्यांच्या रांगा, छताला पंखे, ओली फरशी. एका टपरीसमोर माणसांची शेपूट जिन्यापर्यंत गेलेली. चॅन हॉन मेंग यांची सोया सॉसमधल्या कोंबडीची टपरी. २०१६ मध्ये सिंगापूरची पहिली यादी आली तेव्हा तिला एक स्टार मिळाला, आणि प्लेटची किंमत होती साधारण दोन सिंगापुरी डॉलर. काचेमागे तांबूस, चकचकीत कोंबड्या मानेला टांगलेल्या. एक उतरवायची, जाड लाकडावर ठेवायची, सुऱ्याचे सात-आठ घाव, पात्यानेच उचलून भातावर, वर चमचाभर काळा रस. मी सव्वा तास उभी होते. पुढचे आजोबा शेवटपर्यंत पेपर वाचत होते, नेहमीचेच असावेत. प्लेट प्लास्टिकची, टेबल दुसऱ्या कुटुंबाबरोबर वाटून घेतलेलं, पेपर नॅपकिन स्वतः आणायचा. कोंबडीची कातडी इतकी मऊ की भातावर विरघळत होती. भात मात्र मला ठीकच वाटला, आपल्या आंबेमोहोराची सर नाही. टेबलक्लॉथ कुठे दिसला नाही.

मेक्सिको सिटीतलं ‘एल कलीफा दे लिओन’ १९६८ पासूनचं टॅकोचं दुकान आहे. दहा फूट बाय दहा फूट, बसायला जागा नाही, मेनूवर चार टॅको. २०२४ मध्ये त्यालाही स्टार मिळाला. टॅको हाताने खातात, हे काकांना सांगायला हरकत नाही. शिवाय ‘बिब गुर्मां’ नावाची वेगळी यादी आहे, माफक पैशात उत्तम जेवण देणाऱ्यांची. उद्या हे गाइड महाराष्ट्रात आलंच, तर आपल्या मिसळवाल्यांची आणि मालवणी खानावळींची खरी जागा तिथे असेल, असं मला वाटतं.

एवढं सांगूनही तीन स्टारची बहुतेक रेस्टॉरंटं महागडी, मोजक्या खुर्च्यांची आणि दहा-पंधरा पदार्थांच्या ठरीव मेनूची असतात, हे नाकारत नाही. टपरीला पहिला स्टार मिळतो, तिसरा नाही. काकांच्या मजकुरातली खरी टीका करायची तर इथे होती, ती त्यांनी सोडून दिली.

‘एक स्टार मिळाला की सात पिढ्यांची सोय.’

न्यूयॉर्कमध्ये २००० ते २०१४ दरम्यान उघडलेल्या नावाजलेल्या रेस्टॉरंटांचा एका संशोधकाने अभ्यास केला. त्यातल्या ज्यांना मिशेलिन स्टार मिळाला, त्यांपैकी ४० टक्के २०१९ अखेर बंद पडलेली होती. गर्दी वाढली, पण तिच्याबरोबर घरमालकाला भाडं वाढवावंसं वाटू लागलं, माल देणारे दर चढवू लागले आणि नाव झालेले स्वयंपाकी दुसरीकडे जास्त पगार मागू लागले. गिऱ्हाईकही बदलतं. रोजचा माणूस रांग बघून परत जातो, आणि नवा येतो तो यादीवर टिक करायला, पुन्हा येत नाही.

फ्रान्समधल्या लागिओल गावचे शेफ सेबास्तियाँ ब्रास यांनी २०१७ मध्ये तीन स्टार असताना गाइडला विनंती केली, आम्हाला यादीतून काढा, हा ताण नको. २०१८ च्या यादीतून त्यांना काढलं. २०१९ मध्ये न विचारता परत घातलं, तेही दोन स्टार देऊन! दुसरे फ्रेंच शेफ मार्क व्हेरा यांचा तिसरा स्टार त्याच वर्षी गेला, तर निरीक्षकांनी आपल्या सुफ्लेत (फेसलेल्या अंड्याच्या फुगीर पदार्थात) इंग्लिश चेडर चीज घातलंय असं समजून मार्क कापले, असं म्हणत ते कोर्टात गेले आणि हरले. सिंगापूरच्या चॅन यांचा स्टारही २०२१ मध्ये गेला. कोंबडी त्याआधीही होती, नंतरही आहे.

आणखी एक. स्टार रेस्टॉरंटला मिळतो, माणसाला नाही. शेफ नोकरी सोडून गेला तर स्टार तिथेच राहतो. त्यामुळे ‘मिशेलिन स्टार शेफ यांची खास मेजवानी’ असं पोस्टर मुंबईत किंवा गोव्यात दिसलं तर कुठलं रेस्टॉरंट, कुठल्या साली, आणि ते गृहस्थ अजून तिथे आहेत का, एवढं विचारून मग पैसे भरा.

‘सरकार झोपलंय’ आणि ‘पैसे फेकले की स्टार’.

ही दोन वाक्यं काका आणि मामेभावाने वाटून घेतली आहेत. खरं काय ते दोघांच्या मधे कुठेतरी पडलंय.

१९०० मध्ये आंद्रे आणि एदुआर मिशेलिन या भावांनी पहिलं गाइड काढलं, तेव्हा फ्रान्समध्ये तीन हजारसुद्धा मोटारी नव्हत्या. प्रती छापल्या ३५,००० आणि फुकट वाटल्या. आत नकाशे, टायर कसा बदलायचा, पेट्रोल कुठे मिळेल. लोक हिंडले तर टायर झिजणार, झिजले तर विकले जाणार. १९२६ मध्ये स्टार आला आणि १९३१ मध्ये एक-दोन-तीनची उतरंड. दोन स्टारचा अर्थच मुळी ‘वाट वाकडी करून जावं असं’, आणि तीनचा ‘मुद्दाम त्यासाठीच प्रवास करावा असं’. टायरचा धंदा त्या व्याख्येतच आहे, कुणी लपवलेलं नाही. पुण्याहून कोल्हापूरला निव्वळ रश्शासाठी गाडी काढणाऱ्यांनी तरी यावर नाक मुरडू नये.

आता पैशाचं. थायलंडच्या पर्यटन खात्याने २०१७ मध्ये पाच वर्षांसाठी १४.४ कोटी बाथ मोजले आणि बँकॉकची यादी आली, पुढे फुकेत, चियांग माई वगैरे. कॅलिफोर्नियाच्या पर्यटन संस्थेने ६ लाख डॉलर दिले, आणि २०१९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोपुरतं असलेलं गाइड सगळ्या राज्याचं झालं. म्हणजे केंद्र कुठे उघडायचं यात उघडउघड पैसा आहे. पेपर तपासणारे मात्र कंपनीचे पगारी, नाव न सांगता जाणारे आणि स्वतःचं बिल भरणारे, आणि अमक्या रेस्टॉरंटने पैसे देऊन स्टार घेतला असं सिद्ध झालेलं माझ्या तरी माहितीत नाही. तेव्हा मामेभाऊ अर्धा बरोबर आहे. पण मग जगाच्या नकाशावर कुठे किती स्टार आहेत ते बघताना ती नुसती चवीची मोजणी नसते, पर्यटन खात्यांच्या खर्चाचीही असते, हे काकांनी समजून घ्यायला हवं.

दरम्यान मुंबईतली बडी रेस्टॉरंटं दुसऱ्याच यादीकडे डोळे लावून असतात, ‘एशियाज फिफ्टी बेस्ट’. महालक्ष्मीच्या जुन्या वुलन मिलमधलं ‘मास्क’ २०२५ मध्ये तिच्यात १९ वं होतं. तिथे निरीक्षक नसतात, मतदान असतं. त्याचे घोटाळे वेगळे आणि गमतीही वेगळ्या.

हे सगळं ग्रुपवर टाकल्यावर काकांनी अंगठा दाखवला आणि दहा मिनिटांनी विचारलं, ‘मग दोन्ही तृष्णांत खेकडा कुठला चांगला?’ फोर्टातल्या तृष्णात मी एकदा गेले होते. वेटरने आधी जिवंत खेकडा आणून दाखवला, मग वीस मिनिटांनी तोच लोण्यात न्हालेला आला, आणि बोटांचा लसणाचा वास दुसऱ्या दिवशी लोकलमध्येही येत होता. लंडनचा खाल्लेला नाही. काकांना तेवढंच लिहिलं.