खेकड्याला वास येतो, जमिनीवरही

‘खेकड्याला नाक नसतं. पाण्यात तो चव घेतो, पण जमिनीवर त्याला कसलाच वास येत नाही; नारळसुद्धा तो नुसत्या नजरेने शोधतो.’ नारळी खेकड्याच्या फोटोखालचा हा मजकूर दांडिया बाजारातल्या आमच्या मराठी ग्रुपवर आठवड्यात तीनदा फिरला. शेजारच्या मुलाने विचारलं, ‘काका, खरं आहे का हे?’ त्याच्यासाठी हे उत्तर.

नाक नसतं, हे खरं. नाक मुंगीलाही नसतं, तरी साखरेचा डबा तिला सापडतोच. खेकड्याला मिशांच्या दोन जोड्या असतात. त्यातल्या लहान जोडीवर गंध टिपणाऱ्या बारीक केसांच्या ओळी असतात, आणि वास घेताना तो या मिशा झटकत राहतो.

आता ‘जमिनीवर वास येत नाही’ हा मुद्दा. नारळी खेकडा चार किलोपर्यंत वाढतो. आपल्याकडे तो निकोबारात आहे. हॅन्सन आणि स्टेन्समायर या शास्त्रज्ञांच्या गटाने २००५ साली हिंदी महासागरातल्या ख्रिसमस बेटावरच्या या खेकड्यांचा अभ्यास छापला. मिशीला इलेक्ट्रोड लावून हवेतला वास सोडला, तर मिशीतून विजेचा संदेश उमटला. कुजलेल्या मांसाला वास देणारं रसायन उघड्यावर ठेवलं, तर खेकडे त्याकडे चालत आले. यात नजरेचा काय संबंध?

पाण्याचा संबंध मात्र अजिबात सुटलेला नाही. शंखात राहणाऱ्या जमिनीवरच्या खेकड्यांच्या मिशा दमट हवेत जास्त जोरात प्रतिसाद देतात, आणि त्यांना मुख्यतः पाण्यात विरघळणारे वास कळतात. त्यांचे गंध-केस समुद्रातल्या भाईबंदांपेक्षा आखूड आणि बोथट असतात. कीटकांकडे असलेले खास गंधग्राहक, म्हणजे वास पकडणारी प्रथिनं, या खेकड्यांकडे नाहीत. हे खेकडे जुन्याच, वेगळ्या गंधग्राहकांवर काम भागवतात. कीटक आणि खेकडे हवेतला वास घ्यायला वेगवेगळ्या वाटांनी शिकले. मला तर हीच यातली सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते.

सगळ्यांनाच हे जमलं, असंही नाही. ख्रिसमस बेटावरच्या लाल खेकड्याच्या मेंदूतला गंधाचा भाग लहानच आहे. आणि पावसाळ्यात कुंडी उचलली की खाली सापडणारे, करड्या पाठीचे बारके जीव? तेही खेकड्यांचेच नातेवाईक. त्यांची लहान मिशांची जोडी जवळजवळ झिजून गेली आहे. मोठ्या मिशांनी ते जमीन चाचपत जातात. रविवारी गच्चीवर ये, भिंग घेऊन दाखवतो.