सिग्नल फ्रेम "काही वेगळी नसते" म्हणे!

काल रात्री साडेअकराला भाच्याचा फोन. रत्नागिरीत असतो, मिरकरवाड्यातल्या ओळखीच्या मासळीवाल्यांसाठी हिशोबाचा प्रोग्रॅम लिहितोय, सी मधे. "मामा, क्रॅश रिपोर्टमधे जे फंक्शन दिसतंय ते मी कुठे कॉलच करत नाही." दोन दिवस त्याच फंक्शनमधे प्रिंट टाकत बसलेला! विचारलं तर एक फिरता मेसेज पुढे केला आणि त्याच्यासोबतचा उचलून चिकटवलेला, क्रॅश रिपोर्ट लिहिणारा कोड. स्टॅक म्हणजे कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावलं याची मेमरीतली चळत, आणि त्यातली एकेका फंक्शनची नोंद म्हणजे फ्रेम. प्रोग्रॅम पडला की कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, सिग्नल देऊन हँडलर नावाचं फंक्शन चालवतो; त्यासाठी स्टॅकवर ठेवतो ती सिग्नल फ्रेम. मेसेज म्हणतो: सिग्नल फ्रेम म्हणजे साधीच फ्रेम, वेगळी ओळखता येत नाही, स्टॅकवरून मागे जाताना प्रत्येक पत्त्यातून १ वजा करा, फ्रेम पॉइंटर (एका फ्रेमवरून मागच्या फ्रेमकडे नेणारा पत्ता) असेल तर काहीच बघायला नको, पत्त्याने लांब उडी मारली तर स्टॅक खराब समजून थांबा.

आता ते १ वजा प्रकरण. साध्या कॉलसाठी ते बरोबर आहे, नाही म्हणत नाही. रिटर्न पत्ता कॉलच्या पुढच्या इन्स्ट्रक्शनचा असतो, आणि कॉल हीच फंक्शनची शेवटची ओळ असेल तर तो पत्ता शेजारच्या फंक्शनात जाऊन पडतो, म्हणून एक पाऊल मागे यायचं. पण सिग्नलमधे कोणी कॉल केलेलाच नसतो रे! कर्नलने मधेच पकडलेलं असतं, आणि जपून ठेवलेला पत्ता नेमका त्या अडकलेल्या इन्स्ट्रक्शनचा असतो. ती फंक्शनची पहिलीच इन्स्ट्रक्शन असली आणि तुम्ही १ वजा केलात की मागच्या फंक्शनचं नाव येतं, नाहीतर मधल्या रिकाम्या बाइट्समधे शिरून सगळं गप्प. भाच्याचं हेच झालं, स्टॅक संपला तो फंक्शनच्या पहिल्याच पुशवर (स्टॅकवर काही ठेवणारी इन्स्ट्रक्शन), आणि बोंब शेजाऱ्याच्या नावाने.

"ओळखता येत नाही" हे तर काहीही. लिनक्सवर, एक्स८६-६४ म्हणजे नेहमीच्या इंटेल-एएमडी प्रोसेसरवर, हँडलरचा रिटर्न पत्ता कोडच्या एका पिटुकल्या तुकड्यावर जातो, १५ हा आकडा रजिस्टरमधे (प्रोसेसरच्या आतल्या कप्प्यात) टाकायचा आणि सिस्टिम कॉल करायचा, म्हणजे कर्नलला हाक मारायची, एवढंच त्याचं काम. तेच बाइट्स तपासतात. शिवाय अनवाइंड माहितीत (स्टॅकवरून मागे कसं जायचं ते सांगणाऱ्या नोंदीत) 'एस' अक्षराची खूण असते, ती दिसली की वजा करायचं नाही. जीलिबसी या सी लायब्ररीच्या सोर्समधे या तुकड्याच्या डोक्यावर चक्क लिहून ठेवलंय की बदल करण्याआधी दोनदा विचार करा, जीडीबी हा डीबगर (चुका शोधायचा प्रोग्रॅम) याला नावावरून आणि इन्स्ट्रक्शनच्या क्रमावरून ओळखतो. वेगळं काही नसतं तर ही विनवणी कशाला केली असती त्यांनी?

फ्रेम पॉइंटरबद्दल अर्धं खरं आहे, साखळी तुटत नाही. पण त्या साखळीत हँडलर, मग तो तुकडा, आणि मग थेट पडलेल्या फंक्शनला बोलावणारा. जो पडला तोच गायब! त्याचा पत्ता कर्नलने स्टॅकवर ठेवलेल्या रजिस्टरांच्या नोंदीत असतो, तिथे बघावंच लागतं. दाभोळला फेरीबोटीत बसून धोपाव्याला उतरायचं आणि मधे खाडी नव्हतीच म्हणायचं, तसलं हे.

लांब उडीचं थोडक्यात: हँडलरला वेगळा स्टॅक दिलेला असला की उडी लांबच असणार. स्टॅक संपल्यावर हँडलर चालवायला तो लागतोच. लांब उडी दिसली की थांबायची ती अट भाच्याने आधीच काढून टाकली होती, नशीब.

रात्री एक वाजता 'एस' तपासून बघितलं आणि खरं नाव आलं: माशांची टोपणनावं शोधणारं त्याचंच फंक्शन. यादीत लिहिलेलं, सरंगा म्हणजे पापलेट बघा. आणि पापलेटपुढे, सरंगा बघा.