‘उत्तर तर बरोबर येतं ना?’ : एअर कंडिशनिंगच्या पाठ्यपुस्तकातल्या काही हट्टी चुका

हीटिंग आणि एअर कंडिशनिंगच्या पाठ्यपुस्तकातली एखादी चूक दाखवली, की ठरलेलं उत्तर येतं : ‘अहो, ती समजावून सांगण्याची पद्धत आहे. मुलांना पटकन कळतं, आणि गणिताचं उत्तर तर बरोबर येतं ना?’ हे शिक्षक म्हणतात, परीक्षक म्हणतात, साइटवर केस पिकलेले इंजिनिअरही म्हणतात. तेव्हा त्यांच्याच कसोटीवर बघू. खाली दिलेली वाक्यं कुठल्या एका पुस्तकाची नाहीत. एका पुस्तकातून दुसऱ्यात, तिथून नोट्समध्ये आणि नोट्समधून तोंडी परीक्षेत अशी ती फिरत असतात. प्रत्येकाला मी एवढंच विचारणार आहे, की उत्तर बरोबर येतं ते कुठपर्यंत?

‘गरम हवा स्पंजासारखी जास्त पाणी धरून ठेवते. थंड केली की ते पिळून बाहेर येतं.’

सगळ्यात लाडकं वाक्य हेच, आणि सगळ्यात जास्त नुकसान करणारंही हेच.

एक बंद भांडं घ्या, त्यातली हवा पंपाने पूर्ण काढून टाका आणि आत थोडं पाणी सोडा. भांडं ३० अंश सेल्सिअसला ठेवलं तर पाण्याची वाफ होत जाते आणि दाब ४.२५ किलोपास्कलच्या आसपास पोचला की थांबते; हाच त्या तापमानाचा संपृक्त दाब. आत हवेचा कणही नाही, म्हणजे स्पंजच नाही. आता त्याच भांड्यात कोरडी हवा भरा. बाष्पाचा दाब जवळपास तेवढाच राहतो. फरक पडतो तो अर्ध्या टक्क्याच्या आसपास. जॉन डाल्टनने हे १८०१-०२ मध्येच मांडलं होतं. किती बाष्प मावेल हे पाण्याचं तापमान ठरवतं. हवा त्या वेळी केवळ शेजारी असते. २० अंशांना संपृक्त दाब २.३४ किलोपास्कल, ३० अंशांना ४.२५, आणि हे आकडे भांड्यात हवा असो वा नसो, तेच.

‘बरं, पण गणित?’ समुद्रसपाटीचा चार्ट (दमट हवेचे गुणधर्म दाखवणारा आलेख) घेऊन समुद्रसपाटीचं गणित केलं तर काहीच बिघडत नाही, हे खरं. आता तेच गणित सुमारे दोन हजार मीटर उंचीवर न्या. तिथे वातावरणाचा दाब ८० किलोपास्कलच्या जवळपास. हवा विरळ, म्हणजे स्पंज लहान झाला. तरीही ३० अंशांच्या संपृक्त हवेत एक किलो कोरड्या हवेमागे बाष्प किती? समुद्रसपाटीला २७.२ ग्रॅम, उंचीवर ३४.९ ग्रॅम. स्पंज लहान झाल्यावर जास्त पाणी धरायला लागला! स्पंजाच्या गोष्टीत याला उत्तर नाही. बाष्पदाबाच्या भाषेत उत्तर एका ओळीचं आहे : बाष्प तेवढंच, भाजकातली हवा कमी झाली.

यातून पुढे काय होतं ते डिझाइन करणाऱ्याने नीट पाहावं. २५ अंश आणि ५० टक्के सापेक्ष आर्द्रता असलेली हवा दोन्ही ठिकाणी घ्या. दवबिंदू, म्हणजे बाष्पाचं पाणी व्हायला लागतं ते तापमान, दोन्हीकडे १३.९ अंश. एका घनमीटरमधलं बाष्पही दोन्हीकडे सारखंच, साधारण ११.५ ग्रॅम. कोरडी हवा मात्र उंचीवर सुमारे २१ टक्के कमी. पंखा घनमीटर मोजून हवा ढकलतो, किलो मोजून नाही. म्हणजे तेवढ्याच हवेतून कॉइलला (हवा थंड करणाऱ्या, ओळींनी मांडलेल्या नळ्यांना) तापमान उतरवण्याचं काम कमी मिळतं आणि पाणी काढण्याचं तेवढंच राहतं. दोहोंचं प्रमाणच बदललं. समुद्रसपाटीचा चार्ट वापरणाऱ्याला एन्थाल्पी (पदार्थातली एकूण उष्णता) किलोमागे ५० किलोज्यूल दिसते, तिथे खरी असते ५७. उत्तर बरोबर येत नाही, आणि का येत नाही हे स्पंजवाल्याला कळायला मार्गही नाही.

दुसरं उदाहरण दुरुस्तीच्या कामातलं. पाइपलाइन उघडून जोडल्यावर शीतक (यंत्रणेत फिरून उष्णता वाहून नेणारा पदार्थ) भरण्याआधी व्हॅक्यूम पंप लावतात. ‘हवा पाणी धरते’ असं शिकलेला मुलगा साहजिकच समजतो, की हवा काढली म्हणजे पाणीही तिच्याबरोबर गेलं. साधा गेज उणे एक बारला टेकला, पंप बंद. पण आत चिकटलेलं पाणी २० अंशांना उकळायला दाब २.३४ किलोपास्कलच्या खाली जावा लागतो, आणि पाणी पुरतं काढायचं तर कितीतरी खाली. प्रचलित लक्ष्य ५०० मायक्रॉनचं (मायक्रॉन हे इथे अगदी कमी दाब मोजायचं एकक) असतं, म्हणजे जेमतेम ६७ पास्कल. साध्या गेजच्या काट्याला २ किलोपास्कल आणि ६७ पास्कल यांतला फरक दिसतच नाही. मायक्रॉन गेज लावा, पंपाचा व्हॉल्व्ह बंद करा आणि बघत बसा. आकडा चढून एका जागी थबकला तर आत ओल आहे. चढतच राहिला तर गळती आहे. तो थबकतो तो पाण्याच्या त्या तापमानाच्या संपृक्त दाबापाशी, आणि आत हवा नसतानाच. राहिलेली ओल एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या (शीतकाचा दाब उतरवणाऱ्या अरुंद झडपेच्या) तोंडाशी गोठते किंवा कॉम्प्रेसरच्या तेलात आम्ल तयार करते, आणि मग दोष कॉम्प्रेसरला लागतो.

याच वाक्याचं एक पिल्लू आहे : ‘दमट हवा जड असते.’ उकाड्यात अंगाला जड वाटतं म्हणून असेल. पाण्याच्या रेणूचं वजन १८, कोरड्या हवेचं सरासरी २९. त्याच दाबाला आणि तापमानाला बाष्प शिरतं ते हवेची जागा घेऊन, त्यामुळे दमट हवा हलकी होते. ३० अंशांना कोरडी हवा घनमीटरमागे १.१६४ किलो, संपृक्त हवा १.१४६. विषय संपला.

‘कॉइलवरून जाताना हवा आधी दवबिंदूपर्यंत थंड होते, मग पाणी सुटायला लागतं.’

चार्टवर ही वाट फार देखणी दिसते : डावीकडे आडवी सरळ रेघ, वक्राला टेकली की वक्राच्या कडेने खाली. ही वाट सगळ्या हवेचं तापमान एकसारखं उतरतं असं गृहीत धरते. कॉइलमध्ये तसं होत नाही. थंड असतो तो पत्रा. त्याला चिकटून जाणारा हवेचा थर दवबिंदूखाली जातो आणि पाणी टाकतो, तर दोन फिन्सच्या (नळ्यांवरच्या पातळ पत्र्यांच्या) मधून निसटणारी हवा अजून पुरती थंडही झालेली नसते. चालू कॉइलच्या पहिल्या ओळीकडे टॉर्च मारून पाहिलंत तर फिन्सच्या कडांवर थेंब धरलेले दिसतील, आणि त्याच वेळी बाहेर पडणाऱ्या हवेत धरलेला थर्मामीटर दवबिंदूच्या वरचा आकडा दाखवत असेल.

आकड्यांत बघू. तीच २५ अंश, ५० टक्क्यांची हवा, दवबिंदू १३.९. कॉइलच्या पृष्ठभागाचं परिणामी तापमान ८ अंश धरा, कॉइल कमी ओळींचं, हवा बाहेर पडते १५ अंशांना. पुस्तकाच्या वाटेने गेलात तर १५ हे १३.९ च्या वर, म्हणजे एक थेंबही सुटायला नको, ड्रेन पाइप कोरडा ठणठणीत. प्रत्यक्षात सुरुवातीच्या बिंदूपासून ८ अंशांच्या संपृक्त बिंदूकडे सरळ रेघ ओढा : १५ अंशांना बाष्प ९.९ ग्रॅमवरून ८ ग्रॅमवर आलेलं असतं. किलोमागे जवळपास दोन ग्रॅम पाणी ट्रेमध्ये. (सरळ रेघ हीसुद्धा सोय आहे, ओळीगणिक पृष्ठभागाचं तापमान बदलत असेल तर खरी वाट थोडी वाकते. पण चूक ग्रॅमच्या अंशात राहते, पुस्तकासारखी सगळ्याच्या सगळ्या पाण्याची होत नाही.) गंमत अशी, की हीच पुस्तकं पुढच्या प्रकरणात बायपास फॅक्टर (पत्र्याला न शिवता निसटणाऱ्या हवेचा हिस्सा) शिकवतात आणि त्याची आकृती बरोबर काढतात. दोन प्रकरणांची एकमेकांशी ओळख कुणी करून दिली नाही.

‘एक्स्पान्शन व्हॉल्व्हमध्ये दाब पडतो, म्हणून वायुनियमानुसार तापमानही पडतं.’

दाब पडतो आणि तापमान पडतं हे दोन्ही खरं. मधलं ‘वायुनियमानुसार’ तेवढं चुकीचं. पण तसंच असेल तर नियम लावून बघायला काय हरकत आहे? आर-१३४ए हे शीतक घ्या. व्हॉल्व्हच्या आधी ४० अंश आणि १०.२ बार, नंतर ३.५ बार. दाबाच्या प्रमाणात निरपेक्ष तापमान उतरवलं तर ३१३ केल्व्हिनचे १०८ केल्व्हिन होतात, म्हणजे उणे १६५ अंश सेल्सिअस. असा व्हॉल्व्ह कुणाला सापडला तर जरूर कळवा. खऱ्या व्हॉल्व्हनंतर तापमान असतं ५ अंश.

मुळात व्हॉल्व्हपर्यंत येतो तो द्रव; लिक्विड लाइनवरच्या काचेतून बघा, यंत्रणा नीट भरलेली असेल तर बुडबुडा दिसत नाही. द्रवाला वायुनियम लावायचा कसा? आणि तिथे आदर्श वायू असता तर नुसत्या अरुंद वाटेतून गेल्याने त्याचं तापमान तसूभरही बदललं नसतं. साधी हवा एवढ्याच दाबफरकातून सोडली तर दीडएक अंशाने थंड होते, बस.

घडतं ते असं. व्हॉल्व्हमध्ये काम होत नाही आणि उष्णता आत-बाहेर जायला वेळ नसतो, त्यामुळे एन्थाल्पी तीच राहते : किलोमागे २५६ किलोज्यूल. पण ३.५ बारला संपृक्त द्रवाला ठेवता येते फक्त २०७. वरचे ४९ जाणार कुठे? द्रवाचाच एक भाग तत्काळ वाफ होऊन ती उष्णता अप्रकट उष्मा (तापमान न बदलता अवस्था बदलायला लागणारी उष्णता) म्हणून घेतो. त्या दाबाला एक किलो द्रवाची वाफ करायला १९५ किलोज्यूल लागतात, म्हणून ४९ भागिले १९५, साधारण पाव भाग. चौथा हिस्सा शीतक इव्हॅपोरेटरमध्ये (खोलीची उष्णता घेणाऱ्या कॉइलमध्ये) पोचायच्या आधीच उडून गेलेला असतो, आणि उरलेल्याला थंड करण्यात खर्ची पडलेला असतो.

हे कळलं की सबकूलिंग (द्रव व्हॉल्व्हआधी आणखी थंड करणं) का करतात ते आपोआप कळतं. द्रव ४० ऐवजी ३५ अंशांना व्हॉल्व्हवर आणला तर उडून जाणारा भाग २५ वरून २२ टक्क्यांवर येतो, आणि तेवढा जास्त द्रव खोलीची उष्णता घ्यायला उरतो. वायुनियमाच्या गोष्टीत सबकूलिंगला जागाच नाही. म्हणून विद्यार्थी त्याचं सूत्र पाठ करतो आणि साइटवर काचेत बुडबुडे दिसले की गोंधळतो.

‘बाहेर शून्याच्या आसपास तापमान गेलं, की हीट पंप आणि साधा हीटर सारखेच.’

हा निष्कर्ष कुठून येत असावा याचा मला दाट संशय आहे. बाहेरची उष्णता आत आणणारा हीट पंप विजेच्या जास्तीत जास्त किती पट उष्णता देईल ते सांगणारं कार्नोचं सूत्र घ्या : आतलं तापमान भागिले दोन तापमानांतला फरक. आत २०, बाहेर ०. सेल्सिअसच टाकलं तर २० भागिले २०, बरोब्बर १. बाहेर उणे ५ असेल तर ०.८, म्हणजे हीटरपेक्षाही वाईट! केल्व्हिन टाका : पहिल्यात १४.७, दुसऱ्यात ११.७. ही आदर्श मर्यादा झाली. खरी यंत्रं तिच्या बरीच खाली असतात, आणि बाहेरच्या कॉइलवर हिम धरलं की ते वितळवण्यातही वीज जाते. तरीही अशा हवेत दोन-तीनचा गुणांक, म्हणजे विजेच्या दोन-तीन पट उष्णता, मिळतो. शिवाय एकाच्या खाली जाणं तसंही अवघडच, कारण कॉम्प्रेसरला दिलेली वीजही शेवटी उष्णता होऊन बहुतांशी आतच येते.

‘पंख्याचा वेग निम्मा केला तर वीज निम्मी लागते.’

प्रवाह निम्मा, दाब पाव, वीज एक-अष्टमांश. मात्र ‘एक-अष्टमांश’ असं ठोकून सांगणाऱ्यांनीही जपून : सगळा विरोध डक्टमधल्या घर्षणाचा असेल तरच घनाचा नियम (वीज वेगाच्या घनाच्या प्रमाणात) असा उतरतो. यंत्रणेला एक ठरावीक दाब कायम राखायचा असेल तर बचत त्याहून कमी होते.

‘एक टन म्हणजे एक टन, अर्थात १००० किलो, बर्फ २४ तासांत वितळवण्याएवढं शीतन.’

‘उत्तर तर बरोबर येतं’ म्हणणाऱ्यांनी हे मुद्दाम करून बघावं. बर्फाचा अप्रकट उष्मा किलोला ३३५ किलोज्यूल. १००० गुणिले ३३५, भागिले १४४० मिनिटं : मिनिटाला २३२.६ किलोज्यूल. आणि लगेच पुढच्या ओळीत पुस्तक म्हणतं, ‘प्रत्यक्ष व्यवहारात एक टन म्हणजे मिनिटाला २१० किलोज्यूल धरतात.’ का धरतात? सांगत नाही. वर्गात कुणी विचारलंच तर ‘लॉसेस’ म्हणून वेळ मारून नेतात. दहा टक्के लॉसेस, तेही व्याख्येत!

इथला टन मेट्रिक नाहीच. तो २००० पौंडांचा अमेरिकन शॉर्ट टन आहे, म्हणजे ९०७ किलो. ९०७ गुणिले ३३५ भागिले १४४० : २११. पौंडांत तर हिशेब आणखी स्वच्छ बसतो, २००० गुणिले १४४ बीटीयू (उष्णतेचं ब्रिटिश एकक) भागिले २४ तास, म्हणजे तासाला १२,०००, हाच ३.५१७ किलोवॅटचा टन. पुढच्या आवृत्तीत १००० च्या जागी ९०७ छापायचं आणि ‘प्रत्यक्ष व्यवहारात’ची ओळ खोडायची, एवढीच दुरुस्ती आहे.