‘मेंबर गुणिले दोन’ आणि टॉवेलचे इतर सोपे हिशेब

ठाणे-नवी मुंबईत जिम आणि स्पा चालवणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक संदेश फिरतो. मजकूर साधारण असा: मेंबरच्या दुप्पट टॉवेल घ्या. 600 जीएसएमचे जाडच घ्या, जास्त टिकतात. गार पाण्यात धुवा, वर अँटिसेप्टिकचं एक झाकण टाका. वास आला तर पावडर आणि सॉफ्टनर वाढवा. पांढरे असतील तर दर धुण्याला ब्लीच. ड्रायरवर पैसे घालवू नका, ऊन फुकट आहे. संदेश सुटसुटीत आहे, म्हणूनच पुढे जातो. पण त्यातलं एकही वाक्य जसंच्या तसं वापरण्याजोगं नाही.

पहिलं वाक्यच घ्या. टॉवेल मेंबर वापरत नाही, त्या दिवशी आलेला माणूस वापरतो. खारघरमध्ये 400 मेंबरची जिम आहे असं धरू. रोज 160 जण येतात, काही जण दोन घेतात, म्हणजे दिवसाला 180 नग. धुणं जागेवरच, रात्री मशीन आणि ड्रायर, सकाळी माल शेल्फवर. इथे दोन संच पुरतात: 360, आणि फाटलेले, डागाळलेले, बॅगेतून घरी गेलेले यांच्यापोटी दहा टक्के. 400 नगांत भागतं. संदेश 800 घ्यायला सांगतो. उरलेले 400 कपाटात पडून पावसाळ्यात कुबट होणार.

आता माजिवड्यातला छोटा स्पा. 60 नेहमीचे ग्राहक, रोज 12 सेशन. प्रत्येक सेशनला अंगाचा एक, टेबलावर अंथरायचा एक आणि हाताचे दोन, म्हणजे दिवसाला 48 नग. लाँड्री बाहेरची: सोमवारी रात्री नेलेलं गाठोडं बुधवारी रात्री येतं. तेवढ्यात तीन दिवसांचा माल संपतो. लाँड्री रविवारी बंद, त्यामुळे चौथा संच लागतो. 192 आणि वर दहा टक्के, सुमारे 210. संदेशाच्या हिशेबाने 120 घेतले तर बुधवारी सातव्या सेशनला शेल्फ रिकामं. एकच सूत्र एकाकडे दुप्पट माल भरतं आणि दुसऱ्याकडे जवळपास निम्माच ठेवतं, कारण विचारायचा प्रश्न वेगळा आहे: टोपलीत पडलेला टॉवेल शेल्फवर परत यायला किती तास लागतात? संध्याकाळी घोडबंदर रोडवर अडकणारा लाँड्रीचा टेम्पोही याच तासांत धरायचा.

जाडीचा मुद्दा वजनावर घासून पाहा. जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन. 70 बाय 140 सेंटिमीटरचा टॉवेल 400 जीएसएममध्ये सुमारे 390 ग्रॅम भरतो, 600 मध्ये 590. मशीनची क्षमता कोरड्या कपड्यांच्या किलोत मोजतात, आणि टेरी, म्हणजे टॉवेलचं फासांचं कापड, फुगत असल्याने 15 किलोच्या मशीनमध्ये 12 किलोपुढे जाऊ नये. म्हणजे एका फेरीत हलके 30 बसतात, जाड 20. जाड टॉवेल पिळल्यावरही दीडपट पाणी धरून ठेवतो, म्हणून वाळायलाही तितकाच जास्त वेळ आणि गॅस. जिममध्ये घाम पुसायला 40 बाय 60 चा, 400 जीएसएमचा, जेमतेम 96 ग्रॅमचा टॉवेल पुरतो. टिकाऊपणा ठरतो सुताच्या प्रतीवर, विणीच्या घट्टपणावर आणि कडेच्या शिवणीवर. खरेदीआधी कड उलटून पाहा: दुहेरी दुमड आणि दाट टाके हवेत. सोलापुरी टेरीला भौगोलिक मानांकन आहे, पण तिथूनही माल घेताना ही कड बघायचीच. फास ओढला गेला तर तो खेचायचा नाही, कात्रीने मुळाशी कापायचा. टेरीची मूळ वीण त्याने उसवत नाही.

गार पाणी आणि झाकणभर अँटिसेप्टिक, हा त्या संदेशातला सगळ्यात त्रासदायक सल्ला. जिममध्ये गजकर्ण-नायट्याची बुरशी टॉवेलवरून टॉवेलवर जाते आणि 30 अंशांच्या धुण्यात ती मरेलच असं नाही. 60 अंशांवर धुतलं तर भरवसा धरता येतो. रुग्णालयांच्या कपड्यांसाठी अमेरिकेतलं मार्गदर्शन 71 अंशांवर 25 मिनिटांचं आहे. जिमला तेवढं नको, पण दिशा कळते. झाकणभर द्रव घाम आणि मळ यांतच बराचसा खर्ची पडतो. क्वाट (क्वाटर्नरी अमोनियम) जातीचं जंतुनाशक असेल तर नेहमीच्या डिटर्जंटबरोबर ते निकामी होतं, म्हणून ते शेवटच्या खळबळीतच, म्हणजे साध्या पाण्यात खंगाळताना, टाकायचं. गार पाण्याच्या बाजूने ‘गरम पाण्याने टॉवेल आटतात’ असं सांगतात, तेही अर्धंच खरं. सुती टॉवेल आटतो तो मुख्यतः पहिल्या काही धुण्यांत. नवा माल वापरात आणण्याआधी दोन-तीनदा धुतला की आटणंही उरकतं आणि निघणारे रोवेही.

वास आला की पावडर वाढवणं म्हणजे आगीत तेल. वास येतो तो बहुधा अडकून राहिलेल्या साबणात आणि ओलसरपणात वाढलेल्या जिवाणूंचा. खात्री करायची तर धुतलेला, वाळलेला टॉवेल साबण न घालता बादलीभर गरम पाण्यात चोळा. फेस आला तर पावडर जास्त होते आहे किंवा खळबळ कमी पडते आहे. दुसरी परीक्षा थेंबाची: कोरड्या टॉवेलवर पाण्याचा एक थेंब सोडा. तो लगेच जिरायला हवा. अळूच्या पानावरच्यासारखा उभा राहिला तर फासांवर सॉफ्टनरचा किंवा तेलाचा थर आहे. सॉफ्टनरचं कामच मुळी धाग्यावर मेणचट थर चढवायचं. हाताला मऊ लागतं, घाम शोषला जात नाही. उपाय: एक धुणं 60 अंशांवर, निम्मी पावडर आणि धुण्याचा सोडा, मग दोन खळबळी. पुढच्या साध्या धुण्यात शेवटच्या पाण्यात 12 किलोला पाव लिटर पांढरा व्हिनेगर. व्हिनेगर आणि ब्लीच एकत्र कधीही नाही, विषारी क्लोरीन वायू निघतो.

पाणीही तपासा. घोडबंदर पट्ट्यात टँकर चालतात, आणि टँकर बोअरच्या पाण्याचा असेल तर ते बहुधा जड, म्हणजे क्षारयुक्त असतं. जड पाण्यात साबणाचा साका बनतो आणि पांढरा टॉवेल करडा होत जातो. त्यावर पावडर ओतत बसण्यापेक्षा कडकपणा मोजायची पट्टी आणून मशीनला पाण्यातले क्षार काढणारं सॉफ्टनिंग युनिट लावलेलं परवडतं.

ब्लीचचं थोडक्यात: दर धुण्याला क्लोरीन ब्लीच म्हणजे सूत कुजवणं. डागाला, मापून, क्वचित. आणि रंगीत टॉवेलवर फिकट केशरी ठिपके दिसले तर लाँड्रीशी भांडण्याआधी मुरुमांच्या क्रीमची आठवण ठेवा. त्यातलं बेंझॉइल पेरॉक्साइड रंग खातं. असा प्रकार वारंवार होत असेल तर पांढरे किंवा व्हॅट डायचे (ब्लीचला टिकणाऱ्या पक्क्या रंगाचे) टॉवेल घ्यावेत.

उरलं ऊन. जूनपासून सप्टेंबरपर्यंत आपल्याकडे गच्चीवर टाकलेला टेरी टॉवेल दोन-दोन दिवस दमट राहतो, आणि फासांच्या तळाशी ऊन पोचतच नाही. बाकी दिवसांत रस्त्याची धूळ आणि कबुतरं. ड्रायर लागतोच. पण स्पासाठी ड्रायरचा एक धोका आहे, आणि संदेशात त्याबद्दल अवाक्षर नाही.

मसाजचं तिळाचं तेल टॉवेलमध्ये उरलं तर हवेतल्या ऑक्सिजनशी त्याची प्रक्रिया होऊन उष्णता निघते. ड्रायरमधून गरम काढलेले टॉवेल तसेच घडी करून ट्रॉलीत दाबले की ती उष्णता बाहेर पडत नाही. आत तापमान चढत जातं आणि काही तासांनी, बहुधा सगळे घरी गेल्यावर, गठ्ठा धुमसायला लागतो. खोबरेल या बाबतीत बरंच मंद, तीळ आणि बदाम जास्त तापट. म्हणून तेलाचे टॉवेल वेगळ्या टोपलीत, त्याच दिवशी, 60 ते 65 अंशांवर, तेल काढणाऱ्या डिटर्जंटने. धुतल्यावर हुंगायचे. खवट वास असेल तर पुन्हा मशीनमध्ये, ड्रायरमध्ये नाही. ड्रायरच्या शेवटी उष्णता बंद करून दहा मिनिटं नुसता ड्रम फिरवायचा, मग टॉवेल टेबलावर पसरायचे, हाताला गार लागले की घडी. लिंटची (निघालेल्या रोव्यांची) जाळी प्रत्येक फेरीनंतर साफ. दोनदा धुऊनही खवटच राहिला तर तो टॉवेल कापून फडकी करावीत, मात्र ती फडकी पुन्हा ड्रायरमध्ये नकोत.

ड्रायरला जागा नसेल, घोडबंदर किंवा तुर्भ्याच्या गाळ्यात बऱ्याचदा नसतेच, तर बाहेरची लाँड्री घ्या, पण दर ठरवताना सावध. नगावर दर असेल तर हातरुमालाएवढ्या टॉवेलला मोठ्या टॉवेलचेच पैसे पडणार नाहीत ना, ते पाहा. किलोवर असेल तर वजन कधी करायचं ते चलानवरच लिहून घ्या. घामाने भिजलेलं गाठोडं कोरड्यापेक्षा चांगलंच जड भरतं. नेताना फक्त नग मोजायचे आणि काटा लावायचा तो धुऊन आलेल्या कोरड्या मालाला.