२१२ पावलांसाठी गाडी

आज तान्हा पोळा, पोरांच्या लाकडी बैलांचा सण. सकाळी माय म्हणाली, "गाडी काढ बापा, मले मैतरणीकडे सोडून दे."

मला हसूच आलं. तिच्या मैतरणीचं घर आमच्या ओट्यावरून दिसतं. आधी मारुतीचा पार, मग पिठाची चक्की, की आलंच तिचं दार. नंतर मी मुद्दाम मोजली, २१२ पावलं भरली. काम काय, तर मैतरणीच्या नातवाचा लाकडी बैल पाहायचा आणि पोराच्या हातावर बोजारा, म्हणजे सणाचा खाऊ-पैसा, ठेवायचा.

म्हटलं, "चाल ना माय, मी येतो संगं."

"तू जाय चालत. मी नाही चढत त्या रोडवर."

चढत! रस्त्यावर उतरतात, हिला चढावं लागतं. ही बाई माझ्या लहानपणी तीन किलोमीटरवर कापूस वेचायला जायची आणि संध्याकाळी डोक्यावर गठोडं घेऊन परत यायची. आज ७२ वर्षांची आहे. गुडघे माझ्यापेक्षा बरे आहेत.

नेलं गाडीवर. काय करता?

तर हा रोड. सिमेंटचा आहे, नवा आहे. जुना रस्ता खोदायचे कष्ट कोणी घेतले नाहीत, त्याच्यावरच थर ओतला. त्यामुळे रस्ता वर आणि घरं खाली. पाऊस आला की पाणी विचारत नाही, सरळ सैपाकघरात येतं. दोन्ही बाजूंना उघडी नाली. तिच्यावर कुठे ढापे टाकले, कुठे टाकलेच नाहीत, आणि टाकले ते ट्रॅक्टरच्या चाकाखाली वर्षभरात फुटले. गेल्या पावसाळ्यात माय अशाच एका ढाप्यावर पाय ठेवून नालीत गेली. हाताला सहा आठवडे प्लास्टर. ठेकेदाराला फोन केला तर म्हणे, "भाऊ, बिल निघालं आता."

बिल निघालं! माझ्या मायचा हात गेला आणि याचं बिल निघालं!

बरं, हे मान्य करतो की आधी गुडघाभर चिखल असायचा. आता १०८ ची गाडी दारापर्यंत येते. तान्ह्या पोळ्याच्या बैलाची चाकंसुद्धा सिमेंटवर मस्त पळतात. ठीक आहे. पण पोरगं बैल ओढत निघालं आणि मागून रेतीचा टिप्पर आला तर त्यानं सरकायचं कुठे? नालीत? आज चार पोट्टे मी डोळ्यांनी पाहिले, बैल मांडीवर घेऊन आईच्या स्कुटीवर बसून बोजारा मागत फिरत होते. अरे, तान्हा पोळा आहे की कुरिअर?

समृद्धी महामार्ग आमच्या आर्वी तालुक्यातूनच गेला. ७०१ किलोमीटर, मुंबईपर्यंत. त्यावर मोटरसायकल चालत नाही, पायी माणूस चालत नाही. तो त्यासाठीच बांधला, त्याबद्दल भांडण नाही. पण गावातली गल्लीही त्याच हिशोबानं बांधायची का?

याच जिल्ह्यात १९३६ च्या एप्रिलमध्ये एक ६६ वर्षांचा म्हातारा वर्ध्याहून शेगावला पायी आला. त्या शेगावचं आता सेवाग्राम झालं. दर २ ऑक्टोबरला त्याच्या फोटोला हार घालून आपण ग्रामसभा भरवतो, आणि गेल्या खेपेला सगळ्यात जास्त वेळ चर्चा कशावर झाली? स्वागत कमानीवर. गावात कोणाचं स्वागत करता रे? जो गाडीनं येतो त्याचंच ना. मायचा ढापा चर्चेला आलाच नाही.

तिला सोडून मी पारावर बसलो. डोकं तापलेलंच होतं. जो आला त्याला विचारलं, गावात काय पाहिजे? वाटलं होतं कोणी कमान म्हणेल, कोणी जिम म्हणेल.

चक्कीवाला म्हणाला, ढापे. एक वहिनी म्हणाल्या, जेवण झाल्यावर आम्हा बायांना पारापर्यंत चक्कर मारता आली पाहिजे, खांबावरचे लाइट तेवढे लावून द्या. नववीतली एक पोरगी आधी लाजली, मग बोलायला लागली ती थांबेचना. हायस्कूल तीन किलोमीटरवर आहे. शाळेच्या पोरींसाठीची मानव विकासची निळी बस येते, पण चुकली की पायी. डांबराच्या कडेला बाभळीचे काटे, मागून गाड्या. तिला रस्त्याच्या बाजूनं मुरमाची एक पट्टी पाहिजे. "सायकल नको काका, मैत्रिणींसोबत चालत गेलं की गोष्टी होतात." एक आबाजी म्हणाले, मधात बसायला दगड पाहिजे. पूर्वी तिथे कडुनिंब होता, खाली दगड होता. दोन्ही याच रस्त्यात गेले. मे महिन्यात ४५ डिग्रीत त्यांनी २१२ पावलं एका दमात कशी जायची?

एवढंच मागतात लोक. ढापा, लाइट, मुरूम, दगड, निंब. त्या कमानीच्या पैशात किती ढापे होतील, कोणी सांगेल का?

आता खरं सांगतो. या रोडच्या भूमिपूजनाच्या फोटोत मी आहे. दुसऱ्या रांगेत, टाळ्या वाजवताना. 'विकास दारात आला' असं लिहून याच फेसबुकवर टाकला होता, तुम्हीच लाइक केला होता. रुंदी किती, उंची किती, निंबाचं काय, एक प्रश्न मी विचारला नाही. चिखल जाणार म्हणून नुसता खूश होतो. माय तेव्हाच म्हणाली होती, "रोड उंच होऊन राहिला रे." मी म्हटलं, तुला नाही समजत.

पुण्या-नागपूरले गेलेले आपले पोट्टे महागाचे बूट घेऊन बागेत चालायला जातात आणि किती पावलं झाली त्याचा फोटो टाकतात. टाका बापा. माझ्या मायची २१२ आहेत, तीही होत नाहीत.

येत्या २ ऑक्टोबरला मी ढाप्यांचा विषय लेखी देणार आहे. सोबत निंबाची दोन रोपं. ज्याला हसायचं त्यानं हसावं, पण सभेला यावं. गणपूर्ती नाही म्हणून सभा तहकूब झाली तर मी कोणाकोणाच्या घरी येईन ते सांगत नाही.

हे लिहिता लिहिता मायचा फोन आला. "ने मले."

म्हटलं, "चालत येऊ का घ्यायला? हात धरून आणतो."

"येडा झाला काय रे? अंधार पडला, खांबावरचा लाइट बंद आहे. गाडी आण."

जातो.